साठ वर्षांनी घरी आलेला बाप: काशीतल्या नाताळाची श्रुतिका कशी रचावी

काळप्रवासाची श्रुतिका करायला बसलेला हौशी गट सगळ्यात आधी यंत्राचा आवाज शोधू लागतो. घुंऽऽ असा, की सूंऽऽ असा? त्यावर बैठका होतात, संगणकावरचे शंभर आवाज ऐकून होतात आणि संहिता तशीच राहते. या कामात वेळ घालवू नका. बीबीसीवर 1963 साली ‘डॉक्टर हू’ सुरू झालं तेव्हा त्यातल्या काळयानाचा आवाज ब्रायन हॉजसन यांनी घराच्या दाराची किल्ली जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घासून केला होता. तुमच्याकडे मोडका तानपुरा असेल तर खर्जाच्या तारेवर किल्ली ओढा, ध्वनिमुद्रण निम्म्या वेगानं आणि उलटं वाजवा. झालं तुमचं यान. (चांगल्या तानपुऱ्यावर हा प्रयोग करू नका, घरात खरोखरचं नाटक होईल.) तीस मिनिटांच्या श्रुतिकेत हा आवाज तीनदा आला तरी पुरे. बाकी वेळ माणसांना बोलायचं असतं.

काळप्रवासाची गोष्ट मुळात कुटुंबाची गोष्ट असते. यान निमित्तापुरतं. त्याच ‘डॉक्टर हू’च्या ध्वनिनाट्यांच्या मालिकेत बिग फिनिश या संस्थेनं डिसेंबर 2010 मध्ये ‘रिलेटिव्ह डायमेन्शन्स’ हे नाटक काढलं. लेखक मार्क प्लॅट. काळप्रवासी आपल्या नातीला आणि पणतवाला नाताळच्या जेवणाला यानात बोलावतो, एवढंच त्याचं बीज. नातीचं काम कॅरल अ‍ॅन फोर्ड यांनी केलं. मूळ मालिकेत 1963 साली त्याच नात झाल्या होत्या. काळप्रवासी डॉक्टर झाले पॉल मॅकगॅन आणि पणतवाचं काम त्यांचा खराखुरा मुलगा जेक यानं केलं. रक्ताच्या नात्यातल्या दोन आवाजांचा पोत सारखा असतो आणि ऐकणाऱ्याला ते न सांगता कळतं. ही युक्ती आपण उचलणार आहोत, पण उलटी करून.

घटनास्थळ म्हणून मी काशी सुचवतो, आणि तेही दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या बाजूचं एखादं मराठी घर. एकनाथांनी भागवत 1573 साली काशीतच पूर्ण केलं, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला 1674 साली गागाभट्ट इथूनच आले, विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाईंनी उभारलेलं. तेव्हा या गल्ल्यांत मराठी कुटुंब का, हे श्रोत्याला समजावून सांगायची गरज पडत नाही. विज्ञानकथेसाठी तर या गावाचा हक्कच आहे. जयंत नारळीकर वाढले ते बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथे गणिताचे प्राध्यापक होते, सापेक्षतेवर काम करत होते. प्रकाश ओकणाऱ्या ताऱ्याभोवतीचं अवकाश-काल कसं वाकतं याचं जे सूत्र आज जगभर ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ओळखलं जातं, ते प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी 1943 साली मांडलं. त्या सुमारास ते याच नारळीकरांच्या हाताखाली बनारसमध्ये काम करत होते. म्हणजे काळाला मुरड घालणारं गणित या गावात खरोखर मांडलं गेलं आहे. तुमचा काळप्रवासी विद्यापीठाच्या एखाद्या खोलीतून निघाला तर ते ओढूनताणून आणलेलं वाटणार नाही.

आता नियम. काळप्रवासाची गोष्ट फसते ती नियम न ठरवल्यामुळे. मागे जायचं म्हटलं की आजोबांना मारण्याचं जुनं कोडं दारात येऊन बसतं आणि ते सोडवण्यात अर्धा तास निघून जातो. म्हणून पहिल्या श्रुतिकेत माणसाला फक्त पुढे पाठवा. पुढे जायला आइन्स्टाइनची पूर्ण परवानगी आहे. वेगानं फिरणाऱ्याचं घड्याळ मागे पडतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. तुमच्या खिशातल्या फोनला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं वेगामुळे मागे आणि गुरुत्वाकर्षणामुळे पुढे सरकतात, आणि एकंदरीत जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर नकाशा दशाश्वमेध घाटाऐवजी भलतीकडेच नेऊन सोडेल. एखादा माणूस प्रकाशाच्या 99.65 टक्के वेगानं फिरून आला, तर त्याची पाच वर्षं होतात आणि पृथ्वीवरची साठ. गणित इतकं सोपं आहे की अकरावीतली मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्यावर करून दाखवील. आणि श्रुतिकेत तिनंच ते करावं, कुणा शास्त्रज्ञानं नको.

आपली गोष्ट 1965 साली सुरू होते. असं यान तेव्हा बनारसमध्ये कुणी बांधलं, असं श्रोता विचारील. विचारू दे. विज्ञानकथेत एका थापेची मुभा असते, पण एकाच. तिच्यापुढचं सगळं नियमानं चाललं पाहिजे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मराठे पानिपत जिंकलेल्या दुसऱ्याच जगात पंत जाऊन येतात. ती एक झेप आपण मान्य करतो, कारण पुढचा तर्क घट्ट आहे आणि शेवटी खिशात बखरीचं एक फाटकं पान सापडतं. त्या पानाचं काम तुमच्या श्रुतिकेतही कुठल्यातरी वस्तूनं करायला हवं. फक्त ती वाजणारी हवी. चावीचं मनगटी घड्याळ घ्या. एचएमटीची घड्याळं 1965 साली बाजारात होती. चावी देतानाची बारीक करकर मायक्रोफोनजवळ धरली की अंगावर येते.

तर गोष्ट अशी. 25 डिसेंबर 1965, शनिवार. त्या दिवशी विद्यापीठात मालवीय जयंती, कारण विद्यापीठाचे संस्थापक महामना मालवीय 25 डिसेंबर 1861 चे. आवारात फुलांचं प्रदर्शन. तीस वर्षांचा तरुण प्राध्यापक घरी बायको आणि दोन वर्षांचा मुलगा सोडून ‘संध्याकाळी येतो’ म्हणून निघतो. परततो तो 25 डिसेंबर 2025, गुरुवारी. तो पस्तिशीचा, मुलगा बासष्टचा, बायको पंच्याऐंशीची. नातवाची बायको वसईची, कॅथलिक घरातली. त्यामुळे ज्या घरात कांदासुद्धा चोरून यायचा तिथल्या खिडकीत कागदी चांदणी लटकते आहे, कोनाड्यात गोठ्याचा देखावा आहे आणि परातीत कुलकुल आणि नेवऱ्या. प्रवाशाला वाटतं, आपण घर चुकलो. (निरपेक्ष, सगळीकडे एकसारख्या वाहणाऱ्या काळाची कल्पना मांडणारा न्यूटन जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे 1642 च्या नाताळातच जन्मला. हा योगायोग एखाद्या पात्राच्या तोंडी चालेल, पण एकदाच.)

इथे एक धोका सांगतो. नातसून ख्रिस्ती आहे म्हणून श्रुतिका सर्वधर्मसमभावाचं भाषण होऊ देऊ नका. काशीत नाताळ काही अपूर्वाईचा नाही. छावणीतल्या सेंट मेरीज कॅथेड्रलपाशी 25 डिसेंबरला लोटणाऱ्या गर्दीत ख्रिस्ती नसलेलीच माणसं जास्त असतात, बाहेर जत्रा भरते, पोरं फुगे मागतात. घरच्यांना नातसुनेचा सण सवयीचा झालेला आहे. चक्रावलेला आहे तो एकटा बाप. खरा पेच वेगळाच: या घरात त्याची जागा कोणती? मुलापेक्षा लहान बाप, बायकोपेक्षा पन्नास वर्षांनी लहान नवरा. या पेचाला हात घातला की बाकी सगळं आपोआप येतं.

आता ती उलटी युक्ती. गटात खरे बाप-लेक शोधा, बासष्ट-पस्तिशीच्या आसपासचे. खऱ्या मुलाला बापाचं काम द्या आणि खऱ्या बापाला मुलाचं. दोघांच्या आवाजाचा पोत एकच, पण जाडसर, थकलेला आवाज ‘बाबा’ म्हणतोय आणि कोवळा आवाज ‘जेवलास का रे?’ विचारतोय. रंगभूमीवर हे दाखवायला रंगभूषा लागली असती, पडद्यावर पैसे. ध्वनीत फुकट आहे. मी तर म्हणेन, ही गोष्ट श्रुतिकाच व्हावी, याचं कारणच हे.

मोजकीच पात्रं ठेवा. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत असे तीन आवाज होते. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. त्या तिघांच्या गप्पांतून घरोघरी एक चौथं घर उभं राहायचं. पाचांच्या वर गेलात की कोण बोलतंय हे सांगण्यातच वाक्यं खर्ची पडतील. बाप, मुलगा, आजी, नातसून आणि ती गणित करणारी मुलगी पुरेत. मुलगी शेजारची ठेवा, म्हणजे तिला काही माहीत नसल्यानं ती प्रश्न विचारू शकते. नातू मुगलसरायला अडकू दे. डिसेंबरच्या धुक्यात गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, ते पटेल. शिवाय 2018 पासून त्या स्थानकाचं नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे. फोनवर नातू ते नाव सांगतो, बापाला कळत नाही, आजी स्वयंपाकघरातून ‘मुगलसराय हो’ म्हणते. साठ वर्षांचं अंतर एका ओळीत आटोपलं.

संवादाविषयी थोडं सविस्तर. हौशी संहितेत दिसणारं वाक्य असं असतं: ‘अरे बापरे, हे बघ, लाल दिवा लुकलुकणारं केवढं मोठं चंदेरी यंत्र आपल्या गच्चीवर उतरलंय!’ असं कुणीही बोलत नाही. लेखकाला डोळ्यांची सवय लागलेली असते म्हणून तो पात्रांकडून पाहणी करून घेतो. त्याऐवजी हे वाचून पाहा:

‘आजी, गच्चीचं दार तुम्ही उघडं ठेवलंत?’
‘मी कशाला जातेय गच्चीवर. माकडं आली असतील.’
(वर पत्रा वाजतो. पावलं.)
‘माकडं बूट घालतात होय?’

काशीची माकडं आली, गच्ची आली, थंडी आली, संशय आला आणि यंत्राचा उल्लेखही नाही. मग जिन्यावरून तरुण माणूस उतरतो. नातसून त्याला विचारते, ‘टाकीचं काम करायला आलात का?’ तो म्हणतो, ‘मी इथला आहे.’ ती म्हणते, ‘इथले सगळे मला माहीत आहेत.’ इथं थोडा वेळ कुणीही बोलू नये.

भाषेतूनही काळ ऐकू येतो. काशीकर मराठी घरांत मराठीत हिंदी सहज मिसळते, पण पिढीपिढीगणिक प्रमाण वेगळं. बापाची मराठी 1965 ची: तो ‘तार केली होती’, ‘ट्रंक कॉल लागला नाही’ असं बोलेल. मुलाची साठ वर्षं शेजारपाजारात मुरलेली, तो ‘टेन्शन मत घ्या, बाबा’ म्हणून जाईल. नातसुनेच्या बोलण्यात वसईचा हेल असेल तर वसईच्याच कुणाकडून वाचून घ्या. नक्कल केलीत तर तिथले श्रोते पहिल्या मिनिटाला ओळखतील. आणि आजी त्याला ‘अहो’च म्हणेल. तो आता नातवाच्या वयाचा असला तरी. तिला पहिल्या दोन तृतीयांशात फक्त दुसऱ्या खोलीतून बोलायला लावा. समोरासमोर आणायची घाई करू नका, आणि आणलंत की तिला रडवू नका.

एक प्रसंग मी कुठल्याही किमतीत ठेवीन. डिसेंबर 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री होते. मुगलसरायला जन्मलेले, काशी विद्यापीठात शिकलेले, म्हणजे बनारसला घरचा माणूस. अन्नटंचाई होती, सोमवारी एक वेळ उपास करा असं त्यांनी देशाला सांगितलं होतं. बाप निघाला तेव्हा ताश्कंदची भेट व्हायची होती. समोर नेवऱ्यांची परात पाहून तो म्हणतो, ‘एवढं गोडधोड? शास्त्रीजी ताश्कंदहून परतल्यावर टंचाई संपली वाटतं.’ घरात शांतता. 11 जानेवारी 1966 ला ताश्कंदमध्येच ते गेले, हे मुलाला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे, आजीला त्या सकाळच्या रेडिओवरून. सांगायचं कुणी? युद्ध, मृत्यू, इतिहास यांवर पानभर भाष्य लिहिण्यापेक्षा हा एक प्रश्न पुरतो.

ध्वनीकडे वळू. यानाच्या आवाजावर वाचवलेला वेळ इथे घाला. श्रुतिकेला दोन काळ दाखवायचे आहेत, तर प्रत्येक काळाचे चार-पाच आवाज पक्के करा आणि एकाचा आवाज दुसऱ्यात चुकूनही शिरू देऊ नका. 1965 च्या घरात पंप मारून पेटवलेला प्रायमस स्टोव्ह, तापायला वेळ घेणारा दिव्यांचा रेडिओ, लांबून हातमागाची खटखट, चौकात एक्क्याच्या घोड्याच्या टापा आणि सायकलरिक्षाची घंटी. 2025 मध्ये मिक्सर, फोनची टुणटुण, अरुंद गल्लीत मागून येणाऱ्या मोटारसायकलचा हॉर्न, मुख्य रस्त्यावर ई-रिक्षा, आणि हातमागाच्या जागी यंत्रमागाचा धडधडाट. नदीवरही फरक आहे. तेव्हा वल्ह्यांच्या नावा, नंतर डिझेलची फटफट, आणि अलीकडे बऱ्याच नावांना सीएनजीची इंजिनं बसल्यानं तीही मवाळ झाली आहे. राजघाटाच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचा घणघणाट मात्र दोन्ही काळांत चालेल, कारण तो पूल 1887 पासून उभा आहे. दोन काळ जोडायला याहून चांगला आवाज मिळणार नाही: बाप 1965 मध्ये दार ओढून घेतो, लांबून पुलावरून गाडी जाते, जातच राहते, आणि ती संपता संपता मिक्सर सुरू होतो.

बाहेरचे लोक काशी म्हटलं की दशाश्वमेधावरची ध्वनिवर्धकावरची भव्य आरती घालतात. आज दिसते त्या रूपातली ती आरती 1990 च्या दशकातली. 1965 च्या प्रसंगात ती ऐकू आली की काशीकर श्रोता तिथेच हसेल. उलट, परतलेल्या बापाला ती पहिल्यांदा ऐकू आली तर? ‘हे काय चाललंय घाटावर?’ हे त्याचं वाक्य तुम्हाला आयतं मिळालं.

खाण्याचे आवाज फार चांगले येतात, पण जपून. मटर-चुड्याच्या बशीत चमचा वाजतो. मलइयोचा काहीच आवाज होत नाही, तो मातीच्या कुल्हडातला नुसता फेस. म्हणून मलइयो खाताना पात्राचं बोलणं मध्येच थांबवा. साठ वर्षांत चव बदलली नाही, एवढं त्या थांबण्यातून कळेल.

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओ लागत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली लहान खोली घ्या, दारावर आणि टेबलावर रजया टाका, पंखा आणि फ्रिज बंद करा. (फ्रिज पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी एकावर सोपवा.) चांगला फोनसुद्धा चालतो. तो तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसत नाहीत. दुसऱ्या खोलीतून बोलणारी आजी खरोखर पाठ फिरवून, चार पावलं लांब जाऊन बोलली पाहिजे. नंतर संगणकावर आवाज कमी करून ते अंतर येत नाही. प्रत्येक ठिकाणी, कुणीही न बोलता, एक मिनिटभर नुसती तिथली शांतता मुद्रित करा. संकलनात दोन वाक्यांच्या सांध्यात तीच भरायची असते, नाहीतर प्रत्येक कापलेली जागा ऐकू येते. संकलनाला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. संहिता मिनिटाला सुमारे 120 शब्द या हिशोबानं धरा. आवाज, थांबे वगळता अर्ध्या तासाला तीन हजार शब्द खूप झाले. तयार झालेली श्रुतिका हेडफोनवर ऐका, तशीच फोनच्या स्पीकरवर भांडी घासताना ऐका. लोक तशीच ऐकणार आहेत.

घाटावरचे आवाज पहाटे घ्या आणि फोनला जाड मोजा घाला, नदीवरचा वारा मोजाच अडवतो. गर्दीत दुसऱ्यांचं खाजगी बोलणं मुद्रित झालं तर ते काढून टाका. चर्चच्या आत उपासना चालू असताना विचारल्याशिवाय मुद्रण करू नका. बाहेरची जत्रा, रांग, फुगेवाले एवढं नाताळला पुरेसं आहे.

हक्कांचं आधीच बघा, शेवटी नको. ‘सायलेंट नाइट’ या नाताळगीताची चाल 1818 ची आहे, ती कुणीही गावी-वाजवावी. पण बाजारातली त्याची ध्वनिमुद्रिका उचललीत तर ती ज्या कंपनीची असेल तिची परवानगी लागते. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं आणि लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षं चालतो. जयंत नारळीकर 20 मे 2025 रोजी गेले. त्यांच्या कथेवरून श्रुतिका करायची असेल तर 2085 संपेपर्यंत परवानगी घ्यावीच लागेल. म्हणूनही स्वतःची गोष्ट लिहिणं बरं. गाणं नातसुनेनं स्वतः गुणगुणावं, तानपुरा घरचा.

धुकं, मलइयो, लांबलेल्या गाड्या आणि छावणीतली नाताळची गर्दी हे सगळं एकाच वेळी फक्त डिसेंबर-जानेवारीत मिळतं. तेव्हा काशीत तुमचं कुणी असेल तर या हिवाळ्यात त्यांच्याकडून आवाज टिपून मागवा, उन्हाळ्यात संहिता लिहा, दिवाळीनंतर तालमी घ्या आणि पुढच्या 25 डिसेंबरला श्रुतिका ऐकवा. बाप-लेकांच्या भूमिका अदलाबदलीच्याच ठेवा, तेवढी एक गोष्ट बदलू नका.